क्षयरोग आणि वाढते शहर : मुंबईपासून वसईपर्यंत एक आढावा

वसई-विरार महापालिका 3 जुलै 2009 रोजी स्थापन झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि 53 गावे तिच्यात आली. 2001 च्या जनगणनेत या चार नगरपरिषदांची लोकसंख्या मिळून पावणेपाच लाखांच्या आत होती. 2011 मध्ये महापालिका क्षेत्रात 12 लाख 22 हजार माणसे मोजली गेली. यात नव्याने आलेल्या गावांचाही वाटा आहे हे खरे, पण मुख्य भर नालासोपारा आणि विरारच्या पूर्वेकडची. पश्चिमेला गिरीज, भुईगाव, निर्मळ, वाघोली या पट्ट्यात अजून केळीच्या आणि फुलांच्या वाड्या आहेत, विहिरी आहेत, बावखले म्हणजे पाण्याची छोटी तळी आहेत. गिरीजच्या हिरा डोंगरीवरून पाहिले तर पायथ्याशी माड आणि पूर्वेला क्षितिजभर इमारती दिसतात. महापालिका एक, पण राहणीचे प्रकार दोन.

इतक्या वेगाने वाढणाऱ्या शहरात क्षयरोगाचे काय होते, हा या लेखाचा विषय. गोळ्या नीट मिळाल्या आणि नीट घेतल्या की क्षय हटतो, असे एक मत आहे. क्षय हा मुळात पोटाचा आणि घराचा आजार आहे, हे दुसरे. वाद जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी गिरणगावात तो झाला, त्याच सुमारास इंग्लंडच्या औद्योगिक गावांतही झाला आणि आज तो अधिक बारीक पुराव्यांनिशी पुन्हा मांडला जातो आहे.

चाळीतला क्षय

रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. पण जंतू कळला म्हणून रोगी वाचत नव्हता. पाचच वर्षांनी, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयानेच गेल्या. त्या काळी उपचार म्हणजे विश्रांती, दूध-अंडी आणि मोकळी हवा. ज्याला हे परवडे त्याला थोडी आशा असे.

मुंबईत हे परवडणारे मूठभर होते. 1896 च्या प्लेगने शहराची दाटी चव्हाट्यावर आणली आणि 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. समुद्राची हवा आत यावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले गेले. त्यासाठी जी घरे पडली त्यांतली माणसे मात्र बहुतांशी शेजारच्याच चाळींत जाऊन कोंबली गेली, अशी टीका तेव्हाच झाली आणि पुढच्या अभ्यासकांनीही ती उचलून धरली. पहिल्या महायुद्धानंतर सरकारच्या डेव्हलपमेंट विभागाने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे 207 चाळी बांधल्या. एकेक खोली सुमारे 160 चौरस फुटांची. त्याच बीडीडी चाळी. 1931 च्या जनगणनेत मुंबईचे जवळजवळ तीन-चतुर्थांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. त्या खोलीत चूल असे, रात्रपाळीचा आणि दिवसपाळीचा माणूस आळीपाळीने त्याच पथारीवर झोपे, आणि गावाकडून आलेला भाचा किंवा पुतण्याही तिथेच सामावून घेतला जाई.

या मुंबईत क्षयाने किती माणसे मरत, हे सांगणे तेव्हाही कठीण होते. मृत्यूच्या नोंदीत बराचसा क्षय श्वसनाच्या विकारांत दडून जाई. आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे : खोकला वाढला, अंगात ताप मुरला, गिरणीत उभे राहवेना झाले की चाकरमानी आगबोटीने किंवा गाडीने गावी जाई. मृत्यू रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या खेड्यात होई. मुंबईच्या वहीत त्याची ओळ पडत नसे. आर्थर लँकेस्टर यांनी सरकारसाठी देशभर फिरून केलेली पाहणी 1920 मध्ये पुस्तकरूपाने आली. क्षय शहरात होतो आणि परतणाऱ्या मजुराबरोबर खेड्यात जातो, हा तिच्यातला एक मुख्य मुद्दा. पडद्यात, कोंदट खोल्यांत दिवस काढणाऱ्या स्त्रियांकडेही त्यांनी लक्ष वेधले. शहराची आकडेवारी स्वच्छ दिसते तेव्हा आजारी माणूस शहराबाहेर गेलेला असू शकतो, ही त्या काळाची सर्वांत टिकाऊ शिकवण मला वाटते.

उपचाराच्या सोयी तुरळक होत्या. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये पाचगणीला आरोग्यधाम सुरू केले. मिरजेला सर विल्यम वानलेस यांच्या प्रयत्नांतून 1920 मध्ये क्षयाचे आरोग्यधाम उभे राहिले. वानलेसवाडी हे नाव त्याचेच. पुढे शिवडीचे पालिकेचे क्षयरोग रुग्णालय वाढत वाढत हजाराच्या आसपास खाटांपर्यंत गेले. टीबी असोसिएशन ऑफ इंडिया 1939 मध्ये स्थापन झाली. गरजेच्या मानाने हे सगळे थेंबभर होते.

याच काळात, 1936 मध्ये, विजेची लोकल विरारपर्यंत आली. वसईहून मुंबईला भाजी, केळी, फुले आणि पाने आधीपासून जात होती. आता माणसांचे रोजचे जाणे-येणे सोपे झाले. आजच्या विरार लोकलच्या गर्दीचा आरंभ तिथे आहे.

इंग्लंडमधला धडा

त्याच वीस वर्षांत इंग्लंडची गावे पसरत होती. तिथे फुप्फुसाच्या क्षयाची नोंद 1912 पासून सक्तीची झाली होती आणि 1921 च्या कायद्याने उपचाराची जबाबदारी जिल्हा परिषदांवर आली. प्रत्येक भागाला स्वतःचा आरोग्य अधिकारी असे आणि तो दरवर्षी अहवाल छापून काढी : किती रुग्ण, किती घरे, किती शौचालये, दूध कसे. एका जागी सारे मांडलेले असल्यामुळे आजही त्या अहवालांवरून वाद घालता येतो. केंब्रिजजवळ पॅपवर्थ येथे पेंड्रिल व्हॅरियर-जोन्स यांनी क्षयरुग्णांची वसाहतच वसवली. रुग्णाने तिथेच राहावे, झेपेल तेवढे काम करावे आणि कुटुंबही सोबत असावे, अशी कल्पना होती. ती सर्वत्र पसरली नाही, पण बरा झालेला रुग्ण परत त्याच खोलीत आणि त्याच कामावर गेला तर काय, हा प्रश्न तिने नेमका पकडला होता.

त्या काळातले सर्वांत बोलके उदाहरण स्टॉकटन-ऑन-टीस या गावचे आहे. तिथले आरोग्य अधिकारी डॉ. जी. सी. एम. मॅगोनिगल यांच्या देखत 1927 मध्ये एका गलिच्छ वस्तीतील काही कुटुंबे नव्या, हवेशीर घरांत हलवली गेली. बाकीची जुन्या जागीच राहिली. नव्या घरांत मृत्यूचे प्रमाण घटावे, अशी साऱ्यांची अपेक्षा. ते वाढले. मॅगोनिगल यांनी हिशेब घातला तेव्हा दिसले की नव्या घराचे भाडे जुन्याच्या मानाने फार जास्त होते, आणि ते भरण्यासाठी कुटुंबे जेवणात काटकसर करत होती. 1936 च्या त्यांच्या पुस्तकात हे सविस्तर आले आहे. चांगले घर वाईट असते, असा याचा अर्थ नाही. भाडे भरायला ताटातली भाकरी जाते तेव्हा घराचा फायदा वजा होतो, एवढाच आहे.

पुढे 1970 च्या दशकात थॉमस मॅकेऑन यांनी ठासून मांडले की इंग्लंडमधील क्षयाचे मृत्यू औषधे येण्याच्या कितीतरी आधीपासून घटत होते, आणि त्याचे श्रेय मुख्यतः सुधारलेल्या आहाराला आहे. 1988 मध्ये सायमन श्रेटर यांनी त्याला उत्तर दिले : नुसत्या आहाराने हे झाले नाही, नगरपालिका, आरोग्य अधिकारी, गटारे, घरांचे नियम यांमागे माणसांनी केलेली राजकीय खटपट होती. हा वाद अजून मिटलेला नाही. पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे : 1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आले तेव्हा उतार निम्म्याहून अधिक उतरून झाला होता.

मद्रासने केलेला फेरविचार

भारतापुढे तो रस्ता नव्हता. घरे आणि जेवण सुधारेपर्यंत थांबायचे तर लाखो माणसे मेली असती. त्यामुळे 1956 मध्ये मद्रासला सुरू झालेल्या प्रयोगाला जगाच्या वैद्यकात मानाचे स्थान आहे. मद्रासच्या गरीब वस्त्यांतील 193 रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला स्वतःच्या घरी. दोघांना वर्षभर तीच औषधे, आयसोनियाझिड आणि पीएएस. आरोग्यधामातल्यांना चांगले जेवण, विश्रांती, हवा. घरातल्यांना रोजचीच ओढाताण. 1959 मध्ये निष्कर्ष आला : बरे होण्यात दोन्ही गटांत फारसा फरक नाही. घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना लागण होण्याचा धोकाही त्यामुळे वाढला नाही.

या एका निष्कर्षाने जगभरच्या आरोग्यधामांची कहाणी संपत आली. पाचगणीच्या हवेची महती गेली आणि जिल्ह्याच्या दवाखान्याची वाढली. 1959 मध्येच बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था उभी राहिली, 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. पुढे 1990 च्या दशकात डॉट्स आले : कार्यकर्त्यासमोर गोळी घ्यायची. आज त्याची जागा रोजच्या एकत्रित गोळ्यांनी घेतली आहे. नव्या रुग्णाला वजनाच्या गटाप्रमाणे रोज ठरावीक गोळ्या, सहसा सहा महिने.

बीसीजी लसीचे काय, असे वाचक विचारतील. 1921 मध्ये फ्रान्समध्ये ती प्रथम दिली गेली. लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून ती वाचवते, यावर मतभेद नाहीत. पण तमिळनाडूतील चिंगलपेट येथे 1968 पासून झालेल्या मोठ्या चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयाविरुद्ध तिचा उपयोग दिसला नाही. प्रौढांना पुन्हा बीसीजी देण्याचा कार्यक्रम अलीकडे काही राज्यांत हाती घेतला आहे. त्याचे फळ कळायला वेळ लागेल.

औषधाची बाजू, आणि तिची दुखणी

औषधाची बाजू भक्कम आहे. साध्या क्षयात उपचार पूर्ण केले तर बहुतेक रुग्ण बरे होतात, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात ते इतरांना लागण देईनासे होतात. लवकर शोधा, पुरते बरे करा, की साखळी तुटते, असा या बाजूचा युक्तिवाद आहे. गोव्याच्या मॉलबायो कंपनीने बनवलेल्या ट्रूनॅट यंत्राने तपासणी तालुक्याच्या पातळीवर आली. रुग्णाचा बेडका यंत्रात घातला की काही तासांत जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन या औषधाला तो दाद देतो का, हे कळते. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय पाहणीने आणखी एक गोष्ट पुढे आणली : लक्षणे असलेल्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश लोक कुठल्याच दवाखान्यात गेलेले नव्हते, आणि सापडलेल्या रुग्णांतला मोठा भाग असा होता की छातीचा फोटो काढला नसता तर तो सुटलाच असता. म्हणूनच 7 डिसेंबर 2024 पासूनच्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हाताने उचलून नेता येणारी क्ष-किरण यंत्रे वस्त्यांत नेली गेली.

या बाजूचे पहिले दुखणे खासगी वैद्यकातले. 1991 मध्ये मुकुंद उपलेकर आणि शेपर्ड यांनी मुंबईतील 100 खासगी डॉक्टरांना क्षयाची औषधयोजना लिहायला सांगितली, तर 80 वेगवेगळ्या योजना मिळाल्या. 2010 मध्ये झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तेच पुन्हा तपासले : 106 डॉक्टर, 63 योजना, बरोबर फक्त सहा. जवळजवळ वीस वर्षांनीही तीच गत. नालासोपाऱ्यातला मजूर पहिल्यांदा जातो तो गल्लीतल्या डॉक्टरकडे. तिथे खोकल्याचे औषध, मग एखादे प्रतिजैविक, मग ‘छातीत पॅच आहे’ असे ऐकून एकेटीचे, म्हणजे क्षयाच्या गोळ्यांचे, पाकीट. दोन महिन्यांत बरे वाटते, पगार कापला जातो म्हणून गोळ्या सुटतात. 2012 मध्ये क्षयाची नोंद देशभर सक्तीची झाली, निक्षय ही नोंदप्रणाली आली आणि खासगी डॉक्टरांनाही तिच्यात ओढले गेले. तेव्हापासून या चित्रात खरी सुधारणा आहे, हे मान्य करायला हवे.

दुसरे दुखणे औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे. त्यात मुंबईचे नाव जगभर गेले ते 2012 च्या सुरुवातीला, हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद न देणारे रुग्ण नोंदवले तेव्हा. अशा रुग्णांना पूर्वी दोन दोन वर्षे औषधे आणि महिनोन्‌महिने इंजेक्शने घ्यावी लागत. कित्येकांची श्रवणशक्ती गेली. त्यांतल्याच एक, नंदिता वेंकटेशन यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्या बरोबरीने बेडाक्विलिन या औषधाच्या पेटंटला हरकत घेतली आणि मार्च 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने मुदतवाढीचा दावा फेटाळला. आता सहा महिन्यांची गोळ्यांची योजना देशात मंजूर आहे. आजारातून उठलेल्या माणसांनी इतरांसाठी एवढे खेचून आणले, याबद्दल मनात फार आदर आहे.

ताटाची बाजू

मद्रासच्या प्रयोगाचा एक अर्थ पुढे जरा जास्तच ताणला गेला : औषध असले की आहाराला महत्त्व नाही. झारखंडमधील राशन्स चाचणीने त्याला मोठा छेद दिला. अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली 2,800 रुग्णांना औषधांसोबत शिधा दिला गेला. त्यांच्या घरातील 10,345 माणसांपैकी एका गटाला दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या. 2023 मध्ये निष्कर्ष आले : शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण एकूण 39 टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या क्षयाचे 48 टक्क्यांनी कमी. रुग्णांत ज्यांचे वजन सुरुवातीच्या दोन महिन्यांत वाढले, त्यांचे मृत्यू बरेच कमी.

मद्रास आणि झारखंड एकमेकांना खोटे पाडत नाहीत. मद्रासने विचारले, झालेला क्षय कशाने बरा होतो? झारखंडने मुख्यतः विचारले, शेजारच्या माणसाला तो कशाने होतो? दोन्ही प्रश्न गेली साठ वर्षे एकाच वाक्यात बोलले गेले आणि म्हणून वाद वाढला. माझे मत असे की बरे करण्यात औषध पहिले, होऊ न देण्यात ताट आणि घर पहिले. कार्यक्रमाला दोन्ही हवेत.

सरकारने ताटाचा प्रश्न मान्य केला आहे. एप्रिल 2018 पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यावर दरमहा 500 रुपये येऊ लागले. नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 झाले. 2022 पासून निक्षय मित्र म्हणून नोंदलेल्या व्यक्ती आणि संस्था शिध्याचे संच देतात. अडचण अशी की मदत मुख्यतः रुग्णाला केंद्रस्थानी ठेवते, आणि झारखंडचा सर्वांत ठळक फायदा दिसला तो न आजारी पडलेल्या घरच्या माणसांत. दुसरी अडचण बँक खात्याची. उत्तर प्रदेशातल्या खात्यावर आलेला पैसा नालासोपाऱ्यातल्या संतोष भुवनच्या चाळीतल्या डाळीपर्यंत पोचायला वाट लांबची.

घराची बाजू

घराबद्दलचा सर्वांत ताजा मुंबईचा पुरावा गोवंडी-मानखुर्दचा. प्रकल्पग्रस्तांना जिथे हलवले त्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमधल्या घरांची ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने पाहणी केली. तिचा अहवाल 2018 च्या सुमारास आला. सात-आठ मजली इमारती, त्यांच्यात जेमतेम तीन मीटरचे अंतर. दर दहा घरांमागे जवळपास एका घरात क्षयाचा रुग्ण आढळला. त्याच भागातल्या, अधिक मोकळी जागा सोडलेल्या पीएमजीपी वसाहतीत हे प्रमाण कितीतरी कमी. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, हवा हलत नाही, कचरा फेकला जातो म्हणून असलेली खिडकीही बंद.

यावर रास्त आक्षेप आहेत. दोन वसाहतींतली माणसे सारखी गरीब होती का? काही रुग्ण आजार घेऊनच तिथे आले असतील का? एका पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण हवेचे शास्त्र त्या बाजूला झुकते. क्षय थुंकीला हात लावून फारसा पसरत नाही. खोकल्यातून निघालेले अतिसूक्ष्म कण तासन्‌तास हवेत तरंगतात आणि श्वासातून आत जातात. हे 1950 च्या दशकात बाल्टिमोरमध्ये रिले आणि सहकाऱ्यांनी गिनिपिगांवर दाखवले. पेरूमधील लिमाच्या रुग्णालयांत 2007 मध्ये मोजणी झाली, तर उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत हवा नव्या बांधणीपेक्षा चांगली खेळत होती. मोकळ्या हवेचा जुना आग्रह औषधाच्या कारणाने मागे पडला, पण रोगप्रसाराच्या कारणाने तो पुन्हा जिवंत झाला आहे.

वसई-विरारमध्ये हे कुठे बसते

इथे 1990 पासून 2010 पर्यंत नियोजनाचे काम सिडकोकडे होते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्ट्यातली जमीन बांधकामाला खुली होऊ लागली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने आंदोलन केले. पाणी, झाडे, विहिरी हे त्याचे विषय होते. आरोग्य हा शब्द घोषणांत नव्हता, तरी पश्चिम पट्ट्यात आज घरांभोवती जी मोकळी हवा आहे तिच्यामागे त्या लढ्याचा वाटा आहे.

पूर्वेची वाढ निराळी. नालासोपारा पूर्व, वालीव, विरारची चंदनसार बाजू इथे चाळी आणि परवानगीविना उठलेल्या इमारती मोठ्या संख्येने आहेत. चाळीतली नेहमीची खोली दहा बाय बाराची. दार बोळात उघडते, मागची भिंत दुसऱ्या खोलीची. एखादी खिडकी असली तर पावसात प्लास्टिकने बंद होते आणि पुढे तशीच राहते. पंखा आतलीच हवा फिरवतो. तीन-चार तरुण एकत्र भाडे देऊन राहतात आणि पाळ्या बदलतात. बीडीडी चाळीतील 160 चौरस फुटांच्या खोलीचे हे धाकटे भावंड. वरळीच्या त्या खोल्यांच्या जागी आता 500 चौरस फुटांची घरे होत आहेत. नालासोपाऱ्यात मात्र तसल्याच खोल्या नव्याने बांधल्या जात आहेत.

मॅगोनिगल यांचा हिशेब इथे तसाच लागतो. बोरिवली-अंधेरीचे भाडे परवडत नाही म्हणून माणूस विरारला येतो. भाडे वाचते, पण लोकलचा पास, रिक्षा, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, आणि सकाळ-संध्याकाळ मिळून प्रवासाचे तीन-चार तास वाढतात. डबा न घेता वडापाववर दिवस जातो. शहर मोठे झाले की मधुमेह वाढतो, आणि मधुमेही माणसाला क्षयाचा धोका सुमारे तिप्पट असतो. मधुमेह शेंगा सोलणाऱ्या मजुरालाही गाठतो आणि बंगल्यातल्या निवृत्त शिक्षकालाही. गिरीजसारख्या गावात क्षय नाही, असे समजणे म्हणूनच धोक्याचे. तिथे तो उशिरा कळतो, कारण खोकला दम्याचा किंवा विडीचा धरला जातो, आणि लग्नाची मुलगी घरात असली की छातीचा फोटो काढायलाही माणसे मुंबईला जातात.

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला. त्यातल्याच जव्हार-मोखाड्याहून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे इकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर येतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. कुपोषणाने पोखरलेली शरीरे, कामाच्या ठिकाणची झोपडी, मग परत पाड्यावर. लँकेस्टर यांच्या काळात जी वाट रत्नागिरीला जात होती ती आता जव्हारला, आझमगडला आणि मुर्शिदाबादला जाते. क्षय कार्यक्रमाच्या कार्यकर्त्याला घराला कुलूप दिसते आणि शेजारी सांगतात, ‘पेशंट गावी गेला.’ निक्षयच्या क्रमांकावर देशात कुठेही औषध घेता येते, ही मोठी सोय आहे. तरी क्रमांक ज्या कार्डावर आहे ते कार्ड ट्रंकेत राहिले तर पुढचा दवाखाना नवा रुग्ण म्हणूनच सुरुवात करतो. 2025 च्या सुरुवातीला न्यायालयाच्या आदेशाने नालासोपारा पूर्वेच्या अगरवाल नगरीतील 41 बेकायदा इमारती पाडल्या गेल्या आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे विखुरली. कारवाईच्या कायदेशीरपणाबद्दल इथे काही म्हणायचे नाही. पण इतकी घरे एकदम हलतात तेव्हा त्यांत कोणाचे क्षयाचे उपचार चालू आहेत, हे आधी विचारले जाणे ही आरोग्याची साधी गरज आहे.

काय सुटलेले नाही

भारताने 2025 पर्यंत क्षयाचे नवे रुग्ण 2015 च्या तुलनेत 80 टक्क्यांनी घटवायचे ठरवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2015 मध्ये दर लाखामागे 237 नवे रुग्ण होते, 2024 मध्ये 187. म्हणजे 21 टक्क्यांची घट. जगाच्या सरासरीपेक्षा हा वेग चांगला आहे. लक्ष्याच्या मानाने तो फारच कमी. औषधाची बाजू म्हणते, शोधमोहिमा अजून नव्या आहेत, त्यांना वेळ द्या. ताटाची आणि घराची बाजू म्हणते, केवळ शोधून आणि बरे करून वर्षाला दोन-तीन टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. पुढच्या चार-पाच वर्षांचे आकडे यातला निवाडा करतील.

लागण नेमकी कुठे होते, हा दुसरा प्रश्न. जिथे क्षय फार आहे तिथल्या जनुकीय अभ्यासांत असे दिसले आहे की बरीचशी लागण घराबाहेर होते : कामाच्या जागी, दारूच्या गुत्त्यात, वाहनांत. मग विरार लोकलचे काय? उघड्या दारांच्या डब्यात हवा खेळती असते, आणि माणसे एकमेकांच्या तोंडावर दीड तास श्वास सोडत उभी असतात. 2017 पासून बंद दारांच्या वातानुकूलित लोकल आल्या. त्यांत हवा किती वेळा बदलते, हे मोजता येण्यासारखे आहे, आणि ते क्षयाच्या नजरेने मोजले जायला हवे.

घराबाबत अजून एकमत नाही ते किती अंतर, किती खिडकी, किती माणसे यावर. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेत सवलत दिली नाही तर घरे बांधणेच परवडत नाही, हा बांधकाम करणाऱ्यांचा आणि काही नियोजनकारांचा मुद्दा पोकळ नाही. झोपडीपेक्षा ते घर बरे, असे तिथे राहणारेही म्हणतात. त्याउलट आरोग्याची माणसे म्हणतात की ती वाचलेली जागा पुढची चाळीस वर्षे औषधांच्या खर्चातून वसूल होते. या दोन हिशेबांची बेरीज कोणी एका कागदावर करत नाही. क्षय विभाग घराचे क्षेत्रफळ विचारत नाही आणि नगररचना विभाग रुग्णांचा नकाशा मागत नाही. इंग्लंडमधल्या आरोग्य अधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालात हे दोन्ही शेजारी शेजारी छापले जात. वसई-विरार महापालिकेला प्रभागवार असा अहवाल काढणे अवघड नाही. निक्षयमध्ये पत्ते आहेत, मालमत्ता कराच्या नोंदीत बरीच घरे आहेत, आणि ज्यांची कुठेच नोंद नाही त्या चाळी आशा सेविकांना दारादाराने ठाऊक आहेत.

शेवटचा प्रश्न बरे झालेल्यांचा. उपचार संपले, कार्डावर ‘क्युअर्ड’ लिहिले गेले, तरी कित्येकांची फुप्फुसे आक्रसलेली राहतात. जिना चढताना दम लागतो, हमाली होत नाही, दर पावसाळ्यात खोकला परत येतो आणि पुन्हा क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या जातात. त्यांचे पुढे काय होते याचा पाठपुरावा फार तोकडा आहे, आणि हलक्या कामाची सोय तर नाहीच. पॅपवर्थमध्ये हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी उपचाराचाच भाग मानला गेला होता. आपल्याकडे तो अजून रुग्णाच्या घरच्यांवर सोडलेला आहे.